ताऱ्यावर नजर रोखणारे यंत्र



या व्याख्यानमालेत आजवर काव्य, नाटक, संतवाङ्मय आणि इतिहास यांवर बोलणे झाले. आजचा विषय दुर्बिणीला जोडायच्या एका छोट्या उपकरणाचा आहे. तो निवडण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादा नातू किंवा नात देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र पाहून ‘मलाही असा फोटो काढायचाय’ म्हणते, आणि काही दिवसांनी खरेदीची यादी आजोबांसमोर येते. दुर्बीण आणि कॅमेरा हे शब्द ओळखीचे असतात. माउंट म्हणजे दुर्बिणीची बैठक, हेही समजते. यादीच्या शेवटी मात्र ‘ऑटोगाइडर’ असतो, त्याची किंमत एखाद्या चांगल्या मोबाइलइतकी असते, आणि तो नेमके काय करतो हे यादी देणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे. या कामाशी आपल्या हैदराबादचा जुना संबंध आहे, तोही ओघाने येईल.

पृथ्वी थांबत नाही

आकाशातल्या अंधूक वस्तूंचे छायाचित्र घ्यायचे तर प्रकाश साठवावा लागतो. डोळा प्रकाश साठवू शकत नाही. कॅमेरा साठवू शकतो. म्हणून त्याचे झाकण एक, दोन, पाच, दहा मिनिटे उघडे ठेवायचे. अडचण अशी की तेवढ्या वेळात पृथ्वी फिरत राहते. ताऱ्यांच्या संदर्भात तिची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. विकला हे आपल्या पंचांगातले जुने माप: एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. पाच मिनिटांत हा तारा सव्वा अंश पुढे जातो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या अडीच पट.

एक विकला किती लहान? चारमिनारावर कोणी अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे धरले आणि आपण पाच किलोमीटरवरून पाहिले, तर त्या नाण्याची रुंदी साधारण एक विकला दिसेल. हौशी छायाचित्रकाराची लढाई या मापाशी असते. ५०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि आजकालचा सर्वसाधारण कॅमेरा जोडला, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा एक ठिपका आकाशातल्या दीड विकलेएवढा भाग टिपतो. बैठक फिरत नसेल, तर तारा दर सेकंदाला दहा ठिपके ओलांडतो आणि चित्रात ताऱ्याऐवजी रेघ उमटते.

यावरचा उपाय दीडशे वर्षांहून जुना आहे. दुर्बिणीची बैठक अशी बसवायची की तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहील, म्हणजेच आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला राहील. मग त्या एकाच अक्षाभोवती पृथ्वीच्या उलट दिशेने आणि तिच्याच वेगाने दुर्बीण फिरवली की तारा जागेवर राहतो. अशा बैठकीला विषुववृत्तीय माउंट म्हणतात. पूर्वी ती वजनावर चालणाऱ्या घड्याळी यंत्राने फिरे, आज विजेच्या मोटरने फिरते. कागदावर प्रश्न इथे संपतो. प्रत्यक्षात खरी कसरत इथूनच सुरू होते.

हाताने धरलेला तारा

अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, ते ५१ मिनिटांचे होते. इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी डिसेंबर १८८८ मध्ये वीस इंची आरशाच्या दुर्बिणीने देवयानीचे छायाचित्र घेतले आणि नुसत्या डोळ्याला धुरकट दिसणाऱ्या त्या डागाभोवतीची वळणे प्रथमच स्पष्ट दिसली. इतका वेळ तारे जागेवर कसे राहिले? घड्याळी यंत्र पुरेसे अचूक नव्हतेच. छायाचित्र घेणाऱ्या दुर्बिणीबरोबर त्याच बैठकीवर एक दुसरी, लहान दुर्बीण असे. तिच्या नेत्रभिंगात कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंची फुली ताणलेली असे. निरीक्षक एक ठळक तारा त्या फुलीवर आणून ठेवी, आणि तो जरा ढळला की हातातल्या कळीने दुर्बीण पुन्हा जागेवर आणी. ही कसरत तासन्‌तास, थंडीत, मान वाकडी करून चाले. डोळा हटला की चित्र बिघडले.

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांचे आकाशगंगेचे छायाचित्रसंग्रह याच रीतीने तयार झाले. त्यांच्या दहा इंची भिंगाच्या छायाचित्रण दुर्बिणीला जोडून पाच इंचांची मार्गदर्शक दुर्बीण होती. माउंट विल्सनवर मिल्टन ह्यूमसन हे आधी खेचरे हाकणारे, मग वेधशाळेतले झाडूकाम करणारे, आणि पुढे नामांकित खगोलज्ञ झाले. दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटांसाठी त्यांनी अनेक रात्री मिळून तीस-चाळीस तासांची प्रकाशने घेतली. विश्व प्रसरण पावत आहे या निष्कर्षामागे अशा रात्रींचे काम आहे.

आता हैदराबादकडे येऊ. १८८७ साली पॅरिसमध्ये एक परिषद भरली आणि सगळ्या आकाशाचे छायाचित्रांवरून मोजमाप करण्याचे काम जगभरच्या सुमारे वीस वेधशाळांनी वाटून घ्यायचे ठरले. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये फिसलबंडा येथे वेधशाळा उभारली आणि त्यासाठी इंग्लंडमधल्या कुक कंपनीची आठ इंची छायाचित्रण दुर्बीण आणली. नवाबांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ही निजामिया वेधशाळा निजाम सरकारकडे आली आणि पुढे बेगमपेठेत चालली. आकाशाचा उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा पट्टा मुळात चिलीमधल्या सांतियागोच्या वाट्याचा होता. तो हैदराबादकडे आला. नंतर उत्तरेचा आणखी एक पट्टा मिळाला. टी. पी. भास्करन यांच्यासारख्या संचालकांच्या काळात या पट्ट्यांच्या मोजमापांचे खंड छापून निघाले.

या योजनेतल्या सूचीच्या काचांवर प्रत्येक क्षेत्राची तीन प्रकाशने घ्यायची असत: सहा मिनिटे, तीन मिनिटे आणि वीस सेकंद. प्रत्येक काचेमागे कोणीतरी मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा लावून उभा असे. शंभर वर्षांनी, २००० साली, टायको-२ ही सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांची सूची प्रसिद्ध झाली. हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची स्थाने या जुन्या काचांवरच्या स्थानांशी ताडून, तारे स्वतः किती आणि कोणत्या दिशेने सरकले हे तिच्यात काढले आहे. जुनी काच धूसर निघाली असती, तर हा हिशेब जमला नसता. तारा न हलू देण्याचे मोल काय असते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

माउंट चुकते कुठे

आज मोटरी चांगल्या आहेत, घड्याळ स्फटिकाचे आहे. तरीही चूक राहते, ती मुख्यतः तीन कारणांनी.

पहिले कारण दातेरी चाकांचे. बहुतेक हौशी माउंटमध्ये एक मळसूत्री दांडा मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो. चाकाला १८० दाते असतील, तर दांड्याची एक फेरी सुमारे आठ मिनिटांत होते. दांडा केसभर जरी वाकडा कातला गेला असेल, तरी दर आठ मिनिटांत दुर्बीण आधी किंचित पुढे धावते, मग किंचित मागे राहते. याला आवर्ती त्रुटी म्हणतात. मध्यम किमतीच्या माउंटमध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस विकला असणे नवलाचे नाही. आपल्या हिशेबाने हे वीस ठिपके झाले.

दुसरे कारण ध्रुवाचे. अक्ष ध्रुवाकडे रोखायचा म्हणून अनेक जण तो ध्रुवताऱ्यावर रोखतात. परंतु आपण ज्याला अढळ म्हणतो तो तारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ४० कला दूर आहे आणि तोही त्याभोवती छोटी प्रदक्षिणा घालतो. अक्ष एक कला चुकला, तर तारा उत्तर-दक्षिण दिशेत मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेहून किंचित अधिक ढळतो. चाळीस कलांची चूक राहिली, तर मिनिटाला दहा विकला. शिवाय आपल्याकडे ध्रुव खाली असतो. ग्वाल्हेरला तो क्षितिजापासून २६ अंशांवर, इंदुराला पावणेतेवीस, हैदराबादेत साडेसतरा, तर बेळगाव-गोव्याकडे सोळा अंशांच्याही खाली. तिथे तो इमारती, माडांची झावळे आणि धुरकट हवा यांच्यामागे लपतो. म्हणूनच दक्षिणेकडच्या हौशी मंडळींना ध्रुवतारा न दिसताही अक्ष बसवण्याच्या रीती शिकाव्या लागतात: ताऱ्याचा ढळ मोजत अक्ष हळूहळू सुधारणे, किंवा काढलेल्या चित्रातल्या ताऱ्यांवरून संगणकाकडून अक्षाची चूक काढून घेणे.

तिसरे कारण फुटकळ गोष्टींचे: वारा, लोंबणारी केबल, समतोल न साधलेले वजन, गच्चीवर कोणी चालले की हलणारी तिकाटणी. या चुका आधी ओळखता येत नाहीत; झाल्यावरच कळतात.

ऑटोगाइडर काय करतो

फुलीवर लावलेल्या माणसाच्या डोळ्याची जागा कॅमेऱ्याने आणि हाताची जागा संगणकाने घ्यावी, एवढेच ऑटोगाइडरचे तत्त्व आहे. कॅलिफोर्नियातल्या एसबीआयजी कंपनीने १९९० च्या सुमारास एसटी-४ नावाचे उपकरण आणले. त्यातली प्रकाशग्राही चकती जेमतेम १९२ गुणिले १६५ ठिपक्यांची होती, पण हौशी माणसाला रात्रभर नेत्रभिंगाला डोळा लावून उभे राहण्यातून तिने सोडवले. ते उपकरण आज जुने झाले, पण नाव टिकले आहे. माउंटवर आणि कॅमेऱ्यावर फोनच्या तारेसारखे जे छोटे खोबण असते, त्याला अजूनही एसटी-४ म्हणतात. पुढे क्रेग स्टार्क यांनी या कामासाठी पीएचडी नावाची संगणकप्रणाली लिहिली. नाव विद्वत्तेचे वाटते, पण ते ‘पुश हिअर, डमी’ याचे लघुरूप आहे. म्हणजे ‘इथे दाब रे, ढ!’ तिची पुढची आवृत्ती पीएचडी-२ आज जगभर मोफत वापरली जाते.

कामाचा क्रम असा. मुख्य दुर्बिणीवर तीस ते साठ मिलिमीटर भिंगाची एक छोटी नळी घट्ट बसवतात आणि तिला वेगळा, काळा-पांढरा, संवेदनशील कॅमेरा लावतात. हा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांना एक चित्र घेतो. संगणक त्यातला एक तारा निवडतो. ताऱ्याचा प्रकाश अनेक ठिपक्यांवर पसरलेला असतो. ज्या ठिपक्यावर प्रकाश जास्त त्याला वजन जास्त, असे धरून संगणक गुरुत्वमध्य काढावा तसा ताऱ्याचा मध्य काढतो. म्हणून एका ठिपक्याच्या दहाव्या भागाइतकी हालचालही कळते. १२० मिलिमीटरच्या छोट्या नळीत एक ठिपका साडेसहा विकलांचा असला, तरी चूक साधारण दोनतृतीयांश विकलेपर्यंत पकडता येते. छोटी नळी मोठ्या दुर्बिणीला वाट दाखवू शकते ती यामुळे.

आता मध्य दोन विकला ढळला असे समजा. संगणक माउंटला स्पंद पाठवतो. पूर्व-पश्चिम दिशेत माउंट उलटे फिरत नाही. ते ताऱ्यांच्या वेगाने चाललेलेच असते. स्पंद चालू असेतो ते दीडपट वेगाने किंवा अर्ध्या वेगाने चालते, बस. या हिशेबाने एक विकला सुधारायला सेकंदाचा साधारण आठवा भाग पुरतो. कोणत्या दिशेचा स्पंद दिल्यावर तारा चित्रात कुठे आणि किती सरकतो, हे संगणकाला आधी शिकवावे लागते. त्यासाठी तो सुरुवातीला तारा चारही दिशांना थोडा थोडा हलवून पाहतो. हे शिकवणे घाईत उरकले की पुढची सारी रात्र वाया जाते.

उत्तर-दक्षिण दिशेचे दुखणे निराळे आहे. तो अक्ष एरवी स्थिर असतो. सुधारणेसाठी दिशा बदलायची झाली, की दातेरी चाकांमधली सैल जागा आधी भरून काढावी लागते. तोवर स्पंद जातात आणि तारा ढिम्म हलत नाही, मग एकदम उडी घेतो. यावर जाणकार एक साधी युक्ती करतात. ढळ कोणत्या एका बाजूला आहे ते पाहतात आणि सुधारणा फक्त उलट बाजूने होऊ देतात. दात मग एकाच बाजूला टेकलेले राहतात.

सुधारण्याचा अतिरेक

नवशिक्याला सर्वांत अवघड जाते ती गोष्ट पुढची आहे. तारा हलताना दिसतो तो दर वेळी माउंटमुळे नसतो. आपल्या डोक्यावरची हवा सतत थरथरते आणि तारा दोन-तीन विकला इकडेतिकडे नाचतो. लुकलुकणे म्हणजे हेच. संगणकाने प्रत्येक लुकलुकीला उत्तर द्यायचे ठरवले, तर स्पंद माउंटपर्यंत पोहोचेतो तारा परत जागेवर आलेला असतो आणि सुधारणेतूनच नवी चूक जन्मते. आलेख करवतीसारखा दिसू लागतो. मुलगा घाबरून सुधारणेचा जोर आणखी वाढवतो आणि करवतीचे दात लांबतात.

उपाय उलट्या दिशेने आहे. गाइड कॅमेऱ्याचे प्रकाशन दोन-तीन सेकंदांचे ठेवावे, म्हणजे हवेची थरथर सरासरीत विरते. दिसलेल्या चुकीच्या सत्तर टक्केच सुधारणा करू द्यावी. एका ठरावीक मर्यादेच्या आतल्या चुकीकडे दुर्लक्ष करायला प्रणालीला सांगावे. अलीकडे एकाच वेळी अनेक तारे धरून त्यांची सरासरी घेता येते, त्यानेही हवेचा खेळ कमी होतो. हवेला सोडून फक्त माउंटला उत्तर देणे, हे सगळे कौशल्य आहे.

एक दोष मात्र कोणताही गाइडर सुधारू शकत नाही. अक्ष ध्रुवाकडे नीट नसेल, तर गाइडर आपला एक तारा खिळ्यासारखा धरून ठेवतो आणि उरलेले आकाश त्या खिळ्याभोवती हळूहळू फिरते. चित्राच्या कडेचे तारे कंसासारखे दिसले, तर दोष गाइडरचा नाही, अक्षाचा आहे.

नळी की लोलक

गाइडर बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली वर सांगितलेली, वेगळ्या नळीची. ती स्वस्त आणि सोपी. पण दोन नळ्या एकमेकींपासून किंचित वाकतात. रात्रभरात दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे झुकते तसा वजनाचा ताण बदलतो. गाइडरचा आलेख सुंदर आणि मुख्य चित्रातले तारे मात्र लांबट, असे दिसले की हा वाक समजावा. दुसऱ्या पद्धतीत मुख्य दुर्बिणीतूनच येणारा कडेचा थोडा प्रकाश छोट्या लोलकाने गाइड कॅमेऱ्याकडे वळवतात. एकच नळी असल्याने वाकण्याचा प्रश्न मिटतो, परंतु दिसणारे आकाश फार लहान असते आणि तारा शोधण्यात अर्धा तास जाऊ शकतो. एक मीटरपेक्षा लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीला सहसा लोलक बरा, लहान दुर्बिणीला नळी पुरते.

घ्यावा की नाही

यादी हातात असलेल्या आजोबांना आता उत्तर देता येईल. नातवाला साध्या भिंगाने, समजा ५० मिलिमीटरच्या, मृगाचे सबंध नक्षत्र टिपायचे असेल, तर एक ठिपका पंधरा विकलांचा होतो आणि माउंटची तीस विकलांची चूक दोन ठिपक्यांत मावते. गाइडरची गरज नाही. त्याला शहराच्या गच्चीवरूनच चित्रे घ्यायची असतील, तर आकाशातला दिव्यांचा उजेडच कॅमेरा लवकर भरून टाकतो. तिथे दहा-दहा सेकंदांची शेकडो चित्रे घेऊन ती संगणकावर एकावर एक रचणे पुष्कळ वेळा पुरते. दहा सेकंदांत त्या माउंटची आवर्ती त्रुटी फार तर दोन विकलांची असते. आज मिळणाऱ्या लहान स्वयंचलित दुर्बिणी हेच करतात.

गाइडर लागतो तो अंधाऱ्या गावी जाऊन, लांब नाभीय अंतराने, किंवा ठरावीक रंगाचाच प्रकाश सोडणाऱ्या गाळणीतून पाच-दहा मिनिटांची प्रकाशने घ्यायची असतील तेव्हा. नव्या, हलक्या, हार्मोनिक गिअरच्या माउंटनाही तो लागतोच, कारण त्यांची त्रुटी मोठी आणि चपळ असते. पैसे मोजायचा क्रम मात्र बदलू नये: आधी भक्कम माउंट, मग ध्रुवाकडे अक्ष बसवण्याचा सराव, मग समतोल आणि केबलची शिस्त, आणि शेवटी गाइडर. डुगडुगत्या माउंटला महाग गाइडर लावणे म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देणे होय. त्यात पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाचा उत्साह जातो. एका हिवाळ्यात हरलेली दुर्बीण माळ्यावर जाते आणि सहसा परत खाली येत नाही.

शेवटी एक प्रश्न साहित्यप्रेमी श्रोते विचारणारच: डोळा यंत्राला दिला, माणूस सतरंजीवर झोपला, मग पाहिले कोणी? बर्नार्ड यांनी तारा तासन्‌तास पाहिला. आजचा मुलगा आलेख पाहतो. यात काही हरवले आहे, हे नाकारू नये. परंतु लक्ष संपलेले नाही, ते दुसरीकडे गेले आहे. हवा कशी आहे, दात कुठे सैल आहेत, कोणती चूक सुधारायची आणि कोणती सोडून द्यायची, हा विवेक आजही माणसालाच करावा लागतो. निजामिया वेधशाळेच्या काचांवर मार्गदर्शक तारा धरणाऱ्याचे काम चित्रात दिसत नाही. दिसतात ते फक्त टोकदार, गोल तारे. ज्या घरात मूल आज रात्री गच्चीवर अक्ष बसवत असेल, त्या घराने त्याच्या चित्रात आधी तेवढेच पाहावे: तारे गोल आहेत ना? गोल असतील तर त्याने आपले काम नीट केले आहे, आणि हे काम हैदराबादला नवे नाही, हे त्याला आवर्जून सांगावे.